हाती आलेल्या अक्षरांतून अनवट इंग्रजी शब्द कसे शोधावेत : स्क्रॅबलच्या नव्या खेळाडूंसाठी

इंग्रजी चांगले असूनही स्क्रॅबलच्या बोर्डावर आपण वारंवार का हरतो, हा प्रश्न क्लबमध्ये नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो. समोरचा खेळाडू ‘क्यू-आय’, ‘झेड-ओ’, ‘सी-डब्ल्यू-एम’ अशी कधी न ऐकलेली जोडणी निवांतपणे मांडतो, तीस-चाळीस गुण लिहून घेतो, आणि अधिकृत शब्दयादीत पाहिले की ती बरोबर निघते. मी याच वाटेने गेलो आहे. सुरुवातीचे काही महिने वाचन वाढवण्यात घालवले, तर खेळावर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही, कारण अशा शब्दांचा शोध अर्थाच्या किंवा उच्चाराच्या बाजूने लागत नाही. तो अक्षरांच्या बाजूने लागतो, आणि त्यासाठीची पद्धत शिकता येते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांचे आहे. फ्रेंच बोलता येत नसताना त्यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले. इंग्रजीतले त्यांचे पहिले जागतिक विजेतेपद २००७ मध्ये मुंबईत झालेल्या स्पर्धेतले आहे. त्यापूर्वी, २००३ मध्ये, थायलंडचे पानुपोल सुज्जयाकोर्न जगज्जेते झाले होते. तेव्हा मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाने या खेळात मागे राहण्याचे काही कारण नाही.

पुढे शब्दांची स्पेलिंग अक्षरांच्या नावांनी, मध्ये आडवी रेघ देऊन लिहिली आहेत. ‘क्यू-आय’ म्हणजे क्यू आणि आय या दोन टाइल, म्हणजे अक्षर लिहिलेले चौकोनी तुकडे. मात्र इंग्रजीचे शब्द वाचताना आपण ते मनात उच्चारतो, आणि येथे ती सवय बाजूला ठेवावी लागते.

१. आधी काय जवळ हवे

- शंभर टाइलचा इंग्रजी संच, किंवा बोर्ड नसेल तर निदान टाइलची पिशवी
- ज्या यादीने खेळायचे ती अधिकृत शब्दयादी, छापील किंवा अ‍ॅपमध्ये
- एक वही, शक्यतो आडव्या रेघांची आणि जाड
- घड्याळ, कारण स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला पूर्ण डावासाठी २५ मिनिटे मिळतात
- घरी अभ्यासासाठी क्वॅकलसारखा मोफत प्रोग्राम, जो तुमच्याशी खेळतो आणि तुमची चाल कुठे कमी पडली ते दाखवतो

संचात कोणती टाइल किती आहे, हे पाठ असणे शब्दज्ञानाइतकेच उपयोगी पडते. ई १२ आहेत, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, एन, आर, टी प्रत्येकी ६, डी, एल, एस, यू प्रत्येकी ४ आणि जी ३. जे, के, क्यू, एक्स आणि झेड एकेकच आहेत. उरलेली नऊ अक्षरे प्रत्येकी दोन, आणि त्यांच्या जोडीला दोन कोऱ्या टाइल, ज्यांना कोणतेही अक्षर मानता येते. अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात हा खेळ रचताना न्यूयॉर्क टाइम्सच्या पानांवर अक्षरे मोजून हे प्रमाण ठरवले होते. या मोजमापाचा एक गमतीदार परिणाम असा की झोपेच्या घोरण्याचा ‘झेड-झेड-झेड’ हा शब्द यादीत आहे, पण तो मांडायला दोन्ही कोऱ्या टाइल खर्चाव्या लागतात. ‘पी-आय-झेड-झेड-ए-झेड-झेड’ तर मांडताच येत नाही, कारण त्याला चार झेड लागतात आणि जास्तीत जास्त तीनच उभे करता येतात.

२. यादी आधी ठरवा

अनवट शब्द शोधण्यातला बहुतेक मनस्ताप चुकीच्या यादीमुळे होतो. भारतात, ब्रिटनमध्ये आणि जगातल्या बहुतेक देशांत स्पर्धा कॉलिन्स या कोशप्रकाशकाच्या यादीने खेळल्या जातात, ज्यात सुमारे दोन लाख ऐंशी हजार शब्द आहेत. अमेरिका आणि कॅनडात वेगळी, दोन लाखांहून थोडी लहान यादी चालते. ‘क्यू-आय’ दोन्हींत आहे. ‘झेड-ओ’, ‘सी-एच’, ‘ई-ई’, ‘ओ-यू’ आणि ‘जे-ए’ फक्त कॉलिन्समध्ये आहेत. अमेरिकी संकेतस्थळावरून घेतलेली यादी घोकून पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या स्पर्धेला गेलात, तर जे शब्द तुम्ही ‘नाहीत’ म्हणून शिकलात त्यांनीच समोरचा गुण मिळवील.

घरातला जाडजूड शब्दकोश येथे अधिकारी नाही, मग तो कितीही नामांकित असो. शब्द अधिकृत यादीत असेल तर चालतो, नसेल तर चालत नाही, आणि यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

दुसऱ्या अक्षरखेळांनाही हीच गोष्ट लागू आहे, मात्र तिथे नियम पुन्हा बदलतात. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बीमध्ये सात अक्षरे दिलेली असतात, मधले अक्षर प्रत्येक शब्दात यावेच लागते, शब्द किमान चार अक्षरांचा असतो आणि एकच अक्षर पुन्हा वापरता येते. पण तिथली उत्तरयादी संपादक निवडतात, त्यामुळे स्क्रॅबलमध्ये अभिमानाने मांडलेला दुर्मीळ शब्द तिथे सरळ नाकारला जातो. अशा खेळात अनवट शब्दांमागे लागू नये.

३. अक्षरे डोळ्यांसमोर फिरवा

टाइल हाती आल्या की आधी त्या वेगळ्या क्रमात मांडा. अनेक चांगले खेळाडू त्या वर्णानुक्रमाने लावतात, कारण सरावात शिकलेले शब्द त्याच क्रमाने लक्षात ठेवलेले असतात. ए-ई-आय-एन-आर-एस-टी असा गट दिसला की त्यातून निघणारे शब्द आपोआप आठवू लागतात. नव्या खेळाडूला मात्र स्वर एका बाजूला आणि व्यंजने दुसऱ्या बाजूला ठेवणे अधिक सोयीचे जाते. किती स्वर आहेत, हे कळले की पुढे कोणत्या भागात शोधायचे ते ठरते.

मग जोड्या शोधा. टी-एच, सी-एच, एस-एच, पी-एच या नेहमीच्या जोड्या सगळ्यांनाच सुचतात. अनवट शब्द बहुधा विचित्र सुरुवातींमागे असतात, जिथे पहिले अक्षर उच्चारातच येत नाही. जी-एन पासून ‘जी-एन-यू’ हा आफ्रिकी प्राणी, पी-एन पासून ‘न्यूमा’, पी-टी पासून ‘टेरिन’, टी-एम पासून ‘टी-एम-ई-एस-आय-एस’, बी-डी पासून ‘बी-डी-ई-एल-एल-आय-यू-एम’ हा सुगंधी डिंक, डी-जे पासून ‘जिन’. मराठीच्या सवयीने आपण लिहू तसे वाचतो आणि वाचू तसे लिहितो, म्हणून आपल्या मनात अशा शब्दांना जागाच नसते. त्या जोड्या वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवल्या तरच त्या बोर्डावर आठवतात.

शेवटांकडेही तसेच पाहा. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आणि हिब्रू शब्दांची अनेकवचने इंग्रजीत मूळ रूपात राहिली आहेत. ए-ई ने ‘लार्व्ही’, दोन आयनी ‘रेडिआय’, ए-टी-ए ने ‘स्टिग्माटा’ आणि ‘स्टोमाटा’, ई-ए-यू-एक्स ने ‘ब्यूरो’ व ‘प्लॅटो’ यांची अनेकवचने, आय-एम ने ‘सेराफिम’ आणि ‘किबुत्झिम’. एक्स हातात अडकला असेल आणि जवळ ई, ए, यू असतील, तर हा फ्रेंच शेवट आधी तपासावा.

४. दोन अक्षरी शब्द, आणि ते आधीच का

कॉलिन्समध्ये दोन अक्षरी शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत, आणि ते सगळे पाठ असल्याशिवाय बाकीचा अभ्यास फळ देत नाही. याचे कारण मांडणीत आहे. एका शब्दाला समांतर दुसरा शब्द मांडला की दोन्हींच्या मध्ये दोन-दोन अक्षरी शब्द तयार होतात, आणि ते सगळे वैध असावे लागतात. ज्याला ही यादी येत नाही त्याला बोर्डावरच्या निम्म्या जागा दिसतच नाहीत.

अवघड अक्षरांपासून सुरुवात करा. क्यूसाठी ‘क्यू-आय’ हा एकच आहे. झेडसाठी ‘झेड-ए’, ‘झेड-ई’ आणि ‘झेड-ओ’. एक्ससाठी ‘ए-एक्स’, ‘ई-एक्स’, ‘ओ-एक्स’, ‘एक्स-आय’, ‘एक्स-यू’. जेसाठी ‘जे-ए’ आणि ‘जे-ओ’. सीसाठी फक्त ‘सी-एच’, आणि व्हीसाठी एकही नाही. म्हणून शेवटच्या चालींमध्ये व्ही हातात उरणे सर्वांत त्रासाचे असते, आणि ती टाइल लवकर खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

गुणांचा हिशेब पाहिला की हे शब्द इतके का घोकले जातात ते कळेल. क्यूचे १० आणि आयचा १, म्हणजे ‘क्यू-आय’ चे साधे ११ गुण. पण क्यू तिप्पट अक्षराच्या घरावर पडला आणि आडवा-उभा असा दोन्ही बाजूंनी ‘क्यू-आय’ झाला, तर प्रत्येक दिशेचे ३१, म्हणजे एकूण ६२ गुण होतात. सात टाइल एकदम संपवल्यावर मिळणाऱ्या ५० गुणांच्या बोनसपेक्षा हे जास्त आहेत.

५. रॅक (हातातल्या सात टाइल) बिघडला असेल तेव्हा

अनवट शब्दांचा खरा उपयोग येथे होतो. चांगली अक्षरे आली असताना साधे शब्द पुरतात.

*फक्त स्वर आले असतील तर.* चार स्वर आणि एकच व्यंजन असलेले पाच अक्षरी शब्द मोजकेच आहेत, आणि ते सगळे पाठ करण्याजोगे आहेत. ‘ए-डी-आय-ई-यू’, ‘ए-यू-डी-आय-ओ’ आणि ‘क्यू-यू-ई-यू-ई’ बहुतेकांना माहीत असतात. त्यांच्याबरोबर ‘ए-यू-आर-ई-आय’ हे रोमन सुवर्णनाण्यांचे अनेकवचन, ‘एल-ओ-यू-आय-ई’, ‘ओ-यू-आर-आय-ई’, ‘एम-आय-ए-ओ-यू’, ‘ए-आय-ओ-एल-आय’ आणि ‘यू-आर-ए-ई-आय’ हेही लिहून घ्या. समजा तुमच्याकडे ए, ई, आय, ओ, यू, एल आणि आर आहेत. ‘ए-यू-आर-ई-आय’ मांडलात तर ओ आणि एल उरतात, ‘ओ-यू-आर-आय-ई’ मांडलात तर ए आणि एल, आणि ‘एल-ओ-यू-आय-ई’ मांडलात तर ए आणि आर. पुढच्या चालीसाठी मी ए आणि आर ही जोडी ठेवीन, कारण तिच्याभोवती लांब शब्द सहज बांधले जातात. बोर्डावर एखादी जागा दोन-चार गुण अधिक देत असेल तरच यापासून ढळावे. कॉलिन्समध्ये ‘ई-यू-ओ-यू-ए-ई’ असा सहाही स्वरांचा शब्द आहे, पण तो हाती येण्याची वाट पाहू नये.

*स्वरच नसतील तर.* वाय हे पहिले साधन. ‘निम्फ’, ‘लिंक्स’, ‘ग्लिफ’, ‘पिग्मी’, ‘मर’ म्हणजे एम-वाय-आर-आर-एच हा सुगंधी राळेचा शब्द, आणि ‘सिझिजी’ म्हणजे एस-वाय-झेड-वाय-जी-वाय. शेवटच्या शब्दाला तीन वाय लागतात आणि संचात दोनच असल्यामुळे त्यासाठी एक कोरी टाइल जवळ हवी.

वायही नसेल तर उद्गारवाचक आवाजांकडे वळा. ‘एच-एम’, ‘एम-एम’, ‘एस-एच’, ‘टी-एस-के’, ‘पी-एच-टी’, ‘पी-एस-एस-टी’, ‘बी-आर-आर’, ‘पी-एफ-एफ-टी’. त्यांच्याबरोबर ‘एन-टी-एच’ हाही आहे, जो गणितातल्या अनिश्चित क्रमांकासाठी वापरला जातो. सर्वांत सुंदर मात्र वेल्श भाषेतून आलेले शब्द आहेत, ज्यांत डब्ल्यू स्वराचे काम करतो. ‘सी-डब्ल्यू-एम’, उच्चार कूम, म्हणजे डोंगराच्या कड्यात हिमनदीने कोरलेली खोलगट दरी. ‘सी-आर-डब्ल्यू-टी-एच’, उच्चार क्रूथ, म्हणजे एक जुने तंतुवाद्य. कॉलिन्समध्ये ‘सी-डब्ल्यू-टी-सी-एच’ ही आहे. समजा हातात सी, एच, एम, आर, एस, टी आणि डब्ल्यू आले. नवा खेळाडू येथे अक्षरे बदलून घेईल आणि एक चाल गमावील. जाणकार ‘सी-आर-डब्ल्यू-टी-एच-एस’ मांडतो, सहा टाइल काढतो आणि १४ गुणांना बोर्डावरच्या घरांचा गुणाकार जोडतो.

*क्यू आहे, पण त्याच्यापुढे यू नाही.* हा भाग मराठी वाचकाला तुलनेने सोपा जातो, कारण यातले बरेच शब्द अरबी-फारसीतून आलेले आणि आपल्या कानावरचे आहेत. ‘फकीर’ क्यूने एफ-ए-क्यू-आय-आर असा वैध आहे. ‘कव्वाली’ क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय अशी आहे आणि ‘कव्वाल’ ही आहे. ‘वक्फ’ डब्ल्यू-ए-क्यू-एफ असा, ‘तलाक’ टी-ए-एल-ए-क्यू असा. ‘बुरखा’ आणि ‘नकाब’ हेही क्यूने आहेत, बी-यू-आर-क्यू-ए आणि एन-आय-क्यू-ए-बी. यांच्याबरोबर ‘क्यू-ए-टी’, ‘क्यू-ए-डी-आय’, ‘क्यू-ए-आय-डी’, ‘क्यू-ए-एन-ए-टी’, ‘क्यू-ओ-पी-एच’ आणि ‘एस-यू-क्यू’ हे सहा पाठ करा. क्यूची टाइल डावाच्या शेवटी हातात राहिली तर तिचे गुण तुमच्यातून वजा होतात, म्हणून हे शब्द पुढे ढकलू नयेत.

६. आपल्याकडचे शब्द, आणि त्यातला सापळा

यादीत भारतीय शब्द पुष्कळ आहेत. रोटी, डोसा, इडली, पुरी, भाजी, ज्वारी म्हणजे ‘जे-ओ-डब्ल्यू-ए-आर’, बाजरी म्हणजे ‘बी-ए-जे-आर-ए’, नाचणी म्हणजे ‘आर-ए-जी-आय’, लाख, कोटी म्हणजे ‘सी-आर-ओ-आर-ई’, हरताळ, बंद, घेराव, धोबी, तालुका, जिल्हा म्हणजे ‘झेड-आय-एल-एल-ए-एच’, आणि पेशवासुद्धा. जे, झेड आणि एच ही महाग अक्षरे खपवायला हे शब्द फार कामाचे आहेत.

पण सापळा असा की आपण बोलतो तो शब्द यादीत आहे एवढ्यावरून आपले स्पेलिंगही असेलच, असे नाही. स्पेलिंग इंग्रजी कोशकारांनी ठरवलेले आहे. डाळ ‘डी-ए-एल’, ‘डी-एच-ए-एल’ आणि ‘डी-ए-एच-एल’ अशी चालते, तूप ‘जी-एच-ई-ई’ आणि ‘जी-एच-आय’ असे चालते, जिल्हा शेवटच्या एचसह आणि एचशिवायही चालतो, बाजरी शेवटी ए किंवा आय लावून चालते, पण कोणती रूपे चालतात हे यादीतच पाहावे लागते. अनेकवचनही इंग्रजीच्या नियमाने, एस लावून होते, मराठीसारखे रूप बदलून नाही. पैशाला मात्र ‘पी-ए-आय-एस-ई’ हे रूपही मान्य आहे.

७. सातही टाइल एकदम

५० गुणांचा बोनस मिळवून देणारे शब्द शोधताना सातही अक्षरे एकदम पाहू नका. आधी एक शेवट सुटा करा. आय-एन-जी, आय-ई-एस-टी, ई-डी, ई-आर, एन-ई-एस-एस, एल-आय-के-ई यांपैकी काही हातात आहे का ते पाहा, ते रॅकच्या उजव्या टोकाला सरकवा आणि मग उरलेल्या तीन ते पाच अक्षरांवरच विचार करा. सुरुवातींमध्ये आर-ई आणि यू-एन सगळ्यांना सुचतात. ओ-यू-टी मात्र फार कमी नव्या खेळाडूंना सुचतो, आणि तो ‘आउटईट’, ‘आउटफॉक्स’, ‘आउटबॉल’ असे क्रियापदांना सढळपणे लागतो.

त्यापुढची पायरी म्हणजे सहा अक्षरी बीज. एस-ए-टी-आय-एन-ई हा सर्वांत प्रसिद्ध गट आहे. तो स्वतः शब्द नाही, पण त्यात जवळजवळ कोणतेही सातवे अक्षर मिसळले तरी शब्द बनतो. आर मिसळला तर ‘नॅस्टियर’, ‘रिटेन्स’, ‘स्टेनर’, डोळ्याच्या ‘रेटिना’ चे अनेकवचन, ‘रेट्सिना’ ही राळेच्या वासाची ग्रीक वाइन, ‘स्टिअरिन’ हा चरबीतला पदार्थ, आणि आणखी काही. एल मिसळला तर ‘सेलियंट’ आणि ‘एन्टेल्स’. डी असेल तर ‘इन्स्टेड’, पी असेल तर ‘सेपियंट’, के असेल तर ‘इनटेक्स’, यू असेल तर ‘आन्टीज’. व्ही असेल तर ‘नेटिव्ह्ज’, झेड असेल तर ‘झेनियेस्ट’. दुसरा ई आला तर ‘ई-टी-ई-एस-आय-ए-एन’, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे उन्हाळ्यात दरवर्षी वाहणाऱ्या वाऱ्यांविषयीचा शब्द. म्हणून जाणकार खेळाडू किरकोळ चालींमध्ये एस, ए, टी, आय, एन, ई, आर ही अक्षरे राखून ठेवतात आणि बाकीची अक्षरे आधी खर्च करतात. एस-ए-टी-आय-आर-ई हा दुसरा असाच गट आहे. मी दोन्ही गट एकत्र शिकण्याचा सल्ला देणार नाही, कारण ते एकमेकांत मिसळतात.

८. संगणकाची मदत कशी आणि केव्हा

अक्षरे टाकली की शब्द देणारी साधने मोबाइलवर सहज मिळतात. त्यांचे काम सोपे आहे. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावून त्याची एक किल्ली केलेली असते, तुमच्या अक्षरांची तशीच किल्ली करून दोन्ही जुळतात का ते पाहिले जाते. कोऱ्या टाइलसाठी बहुधा प्रश्नचिन्ह टाकायचे असते.

डाव चालू असताना ही साधने वापरणे ही फसवणूक आहे, आणि मोबाइलवरच्या ओळखीच्या माणसाशी चाललेल्या डावातही मी ती वापरू नये असेच म्हणेन. डाव संपल्यावर मात्र ती उत्तम शिक्षक ठरतात. आपला सर्वांत वाईट रॅक टाका, निघालेल्या शब्दांपैकी फक्त एक वहीत घ्या, त्याची वर्णानुक्रमाची किल्ली शेजारी लिहा. निघालेले सगळे शब्द एकदम उतरवून घेतले तर वही भरते आणि डोक्यात काही राहत नाही. साधन कोणत्या यादीने चालते, हे त्याच्या सेटिंगमध्ये आधी तपासा, कारण अनेकांत सुरुवातीला अमेरिकी यादीच निवडलेली असते.

९. शब्दावर आव्हान आले तर

समोरच्याचा शब्द खोटा वाटला तर त्यावर आव्हान देता येते, आणि तुमच्या शब्दावरही ते येऊ शकते. चुकीच्या आव्हानाची किंमत सगळीकडे सारखी नसते. अमेरिकी पद्धतीत चुकीचे आव्हान देणाऱ्याची पुढची चाल जाते. कॉलिन्सच्या स्पर्धांमध्ये बहुधा पाच किंवा दहा गुणांचा दंड असतो. डाव सुरू होण्याआधी नियम विचारून घ्या, कारण त्यावर तुम्ही किती धीटपणे अनवट शब्द मांडावेत हे अवलंबून आहे. शब्दाचा अर्थ विचारला जात नाही आणि सांगावाही लागत नाही. स्पेलिंग आणि यादी एवढेच पाहिले जाते.

१०. जुनी वही तपासून घ्या

शब्दयादी काही वर्षांनी बदलते. २०१९ मध्ये ‘ओ-के’, ‘ई-डब्ल्यू’ आणि ‘झेड-ई’ कॉलिन्समध्ये आले. २०२१ मध्ये अपमानकारक मानले जाणारे सुमारे चारशे शब्द काढून टाकण्यात आले, आणि २०२४ मध्ये यादी पुन्हा अद्ययावत झाली. ओळखीच्या खेळाडूकडून घेतलेली वही किंवा कोणी छायाप्रत करून दिलेली जुनी दोन अक्षरी यादी वापरत असाल, तर तिच्यावरचे वर्ष पाहा आणि स्पर्धेच्या आयोजकांकडे चालू आवृत्ती विचारा. वर्ष लिहिलेले नसेल तर यादीत ‘ओ-के’ आहे का ते पाहा. नसेल तर ती २०१९ पूर्वीची आहे.